यशवंतराव चव्हाण आणि १०६ हुतात्मे : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

दरवर्षी १ मे किंवा २१ नोव्हेंबर जवळ आला की यशवंतराव चव्हाण यांच्याविषयीचा एक संदेश पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र ठरलेला असतो. मुख्यमंत्री असताना यशवंतरावांनी फ्लोरा फाउंटनवर गोळीबार करवला आणि १०६ मराठी माणसे मारली. ते पहिल्यापासून संयुक्त महाराष्ट्राचे विरोधक होते आणि नेहरूंना महाराष्ट्राहून मोठे मानत होते. लढा दुसऱ्यांनी जिंकला आणि राज्यस्थापनेचा मंगल कलश यांनी मिरवला. बेळगाव, डांग, उंबरगाव यांनी सोडून दिले. आणि या सगळ्याचे बक्षीस म्हणून यांना दिल्लीत मंत्रिपद मिळाले, असे पाच आरोप त्यात एकामागून एक येतात.

या पाचांपैकी काही साफ खोटे आहेत, काही अर्धे खरे आहेत आणि एकाचा काही भाग पूर्ण खरा आहे. यशवंतराव टीकेच्या पलीकडचे होते असे मी मानत नाही आणि १९५५-५६ मधील त्यांच्या वागणुकीवर माझेही गंभीर आक्षेप आहेत. परंतु ज्या मृत्यूंचे नाव घेऊन हा संदेश लिहिला जातो, त्या मृत्यूंना कोणते सरकार जबाबदार होते हेच जर चुकीचे सांगितले जात असेल, तर त्यात यशवंतरावांइतकाच त्या हुतात्म्यांवरही अन्याय होतो. म्हणून एकेक आरोप तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिला आरोप गोळीबाराचा आहे आणि तो तारखांपुढे टिकत नाही. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार २१ नोव्हेंबर १९५५ रोजी झाला आणि त्यात १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई शहर केंद्राच्या अखत्यारीत ठेवण्याचा निर्णय आकाशवाणीवरून जाहीर केला आणि पुढचे काही दिवस मुंबईत जो उद्रेक झाला, त्यात पोलिसांच्या गोळ्यांनी त्याहून कितीतरी अधिक माणसे मारली गेली. बेळगावातही १७ जानेवारीला गोळीबार झाला आणि तेथील मराठी माणूस आजही तो दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळतो. हुतात्म्यांची संख्या कुठे १०५, कुठे १०६ तर कुठे १०७ अशी दिली जाते, पण कोणतीही यादी घेतली तरी तिचा फार मोठा भाग नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांतच सामावतो. या संपूर्ण काळात मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. ते १९५२ पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्या पदावर होते. यशवंतरावांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे फ्लोरा फाउंटनच्या गोळीबारानंतर सुमारे साडेअकरा महिन्यांनी. ‘मुख्यमंत्री यशवंतरावांनी गोळीबार करवला’ या वाक्यात जो मुख्यमंत्री आहे, तो त्या दिवशी त्या खुर्चीवर नव्हताच.

हा घोळ कसा झाला असावा, याचा अंदाज बांधता येतो. १९४६ च्या निवडणुकीनंतर यशवंतराव गृहमंत्री मोरारजी देसाई यांचे संसदीय चिटणीस होते आणि पुढे १९६६ ते १९७० या काळात ते देशाचे गृहमंत्री होते. गृहखात्याशी त्यांचे नाव असे दोन वेळा जोडले गेले. मात्र या दोन्हींच्या मधल्या काळात, मोरारजींच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे नागरी पुरवठ्यासारखी खाती होती आणि पोलीस त्यांच्या हाताखाली नव्हते. शिवाय हुतात्म्यांच्या स्मरणाशी महाराष्ट्र राज्याची स्थापना जोडलेली आहे आणि त्या स्थापनेच्या प्रत्येक छायाचित्रात यशवंतराव आहेत. चार-साडेचार वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना लोकांच्या मनात शेजारी येऊन बसल्या आणि एकीचा कर्ता दुसरीचाही कर्ता ठरला, असे मला वाटते.

आता जो आरोप या संदेशात नाही, तो मी स्वतः मांडतो, कारण तो खरा आहे. गोळीबार झाला तेव्हा यशवंतराव त्या मंत्रिमंडळात मंत्री होते आणि गोळीबारानंतरही ते मंत्रीच राहिले. आदल्याच दिवशी, २० नोव्हेंबरला, चौपाटीच्या सभेत मोरारजी आणि मुंबई काँग्रेसचे नेते स. का. पाटील यांनी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी भाषा केली होती आणि जमावाने ती सभा उधळून लावली होती. आपले सहकारी मराठी माणसाशी कोणत्या सुरात बोलत आहेत हे यशवंतरावांना कळत नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते. केंद्रात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये राजीनामा दिला आणि जाताना गोळीबाराच्या चौकशीचा मुद्दाही उपस्थित केला. तसा राजीनामा यशवंतरावांनी दिला नाही. त्यांच्यावर टीका करायची असेल तर ती या मुद्द्यावर करावी, कारण येथे त्यांच्या बचावाला कोणतीही तारीख येत नाही. खोटा आरोप फिरत राहिल्यामुळे हा खरा प्रश्न मात्र कोणी विचारतच नाही.

दुसरा आरोप असा, की ते पहिल्यापासून संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधात होते. यातील ‘पहिल्यापासून’ हा शब्द चुकीचा आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. मुंबई, मध्य प्रदेश आणि हैदराबाद या राज्यांत विभागलेल्या मराठी भाषक प्रदेशांचे, मुंबई राजधानी असलेले एकच राज्य व्हावे, यासाठी तिन्ही भागांतील काँग्रेसच्या मराठी नेत्यांनी केलेला हा करार होता. विदर्भातून रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, शेषराव वानखेडे यांच्यासारखे नेते त्यात होते, तर मुंबई राज्यातून सही करणाऱ्यांत भाऊसाहेब हिरे यांच्याबरोबर यशवंतराव चव्हाण होते. राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाची नियुक्ती डिसेंबर १९५३ मध्ये झाली, म्हणजे आयोगही नेमला गेला नव्हता तेव्हा यशवंतरावांनी मराठी राज्याच्या मागणीवर लेखी सही केलेली होती. कराराप्रमाणे विधिमंडळाचे अधिवेशन नागपूरला भरवण्याची प्रथाही पुढे त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९६० मध्ये, सुरू झाली. मागणी योग्य आहे की नाही याविषयी त्यांच्या मनात संशय नव्हता, हे यावरून दिसते. वाद होता तो मार्गाचा.

आणि मार्गाच्या या वादातच १ डिसेंबर १९५५ चे फलटण येते. आयोगाने गुजरात आणि मराठवाडा धरून द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला होता. काँग्रेस कार्यकारिणीने त्याऐवजी महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई अशी तीन राज्यांची योजना पुढे केली होती. फ्लोरा फाउंटनला रक्त सांडून दहा दिवस झाले होते. आणि संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे नेते शंकरराव देव आता पुढचे पाऊल काय टाकतात याकडे सगळ्यांचे लक्ष होते. अशा वेळी फलटणला सातारा जिल्ह्यातील काँग्रेस कार्यकर्त्यांसमोर यशवंतरावांनी देवांचे नेतृत्व नाकारले आणि संयुक्त महाराष्ट्र व नेहरू यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू, असा निर्वाळा दिला. संदेशात येणारे ‘महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे’ हे वाक्य या भाषणाचे लोकांनी केलेले सार आहे आणि ते सार अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

फलटणच्या भाषणाचे समर्थन त्यांच्या चाहत्यांनी अनेक परींनी केले आहे. काँग्रेसमधून फुटून आणि दिल्लीशी भांडून राज्य मिळणार नाही, नेहरूंचे मन वळवूनच ते मिळेल, अशी त्यांची खात्री होती, हे खरे असावे. त्यांचे पुढचे वागणे त्याला धरूनच आहे. तरीही माणसे नुकतीच मारली गेली असताना, त्यांच्या घरचे सुतक सुटले नसताना, निष्ठेची निवड अशा शब्दांत जाहीर करणे हे मला आजही कठोर वाटते. पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांतून त्यांना सूर्याजी पिसाळ म्हटले जाऊ लागले त्यामागचा संताप समजण्यासारखा आहे. मात्र संताप समजणे वेगळे आणि सत्तर वर्षांनंतर तोच संताप पुरावा म्हणून पुढे करणे वेगळे. फलटणचे भाषण एवढेच सिद्ध करते की आंदोलन आणि पक्ष यांत यशवंतरावांनी पक्ष निवडला. मराठी राज्यच नको असे ते म्हणाल्याचे त्यातून सिद्ध होत नाही आणि दोन वर्षांपूर्वीची नागपूर करारावरील सही तर त्याच्या उलट साक्ष देते. त्या दिवसांत त्यांच्या मनात काय चालले होते हे त्यांनी स्वतः सविस्तर लिहिले असते तर बरे झाले असते; पण ‘कृष्णाकाठ’ हा त्यांच्या आत्मकथनाचा पहिला खंड १९४६ पाशी येऊन थांबतो आणि पुढचे खंड लिहून होण्याआधीच, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी, ते गेले.

तिसरा आरोप मंगल कलशाचा. येथे मला दोन्ही बाजूंशी भांडावे लागते, कारण यशवंतरावांनी काहीच केले नाही हे जितके चूक आहे, तितकेच त्यांनी महाराष्ट्र ‘आणून दिला’ हेही चूक आहे.

ज्या राज्याचे ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुख्यमंत्री झाले, ते विशाल द्विभाषिक होते : कच्छ-सौराष्ट्रापासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंत पसरलेले. विधिमंडळ पक्षाच्या नेतेपदासाठी त्यांनी भाऊसाहेब हिरे यांचा पराभव केला तो मोरारजींच्या पाठिंब्याने आणि गुजराती आमदारांच्या मतांच्या बळावर. त्याच्या काही महिने आधी, ६ फेब्रुवारी १९५६ रोजी, पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली होती. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, श्रीपाद अमृत डांगे, प्रबोधनकार ठाकरे, उद्धवराव पाटील अशी एरवी एका मांडवात न बसणारी माणसे तिने एकत्र आणली. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस जवळजवळ धुऊन काढली. ३९६ पैकी २३४ जागा मिळवून काँग्रेसने सत्ता राखली खरी, पण ती गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर. स्वतः यशवंतराव कराडमधून निसटत्या मतांनी निवडून आले. आपल्याच गावाने आपल्याला जेमतेम तारले, हे ज्याला कळते त्या राजकारण्याला वेगळे सांगावे लागत नाही. द्विभाषिक लोकांनी नाकारले आहे हे दिल्लीला दाखवणारी सर्वांत मोठी घटना म्हणजे ही निवडणूक होती आणि तिचे श्रेय निर्विवादपणे समितीचे, तिच्या कार्यकर्त्यांचे आणि मतदारांचे आहे. कलशाचे श्रेय एकट्या यशवंतरावांना देणारे लोक हा निकाल विसरतात.

परंतु निकाल लागल्यानंतर तीन वर्षे राज्य चालवायचे होते आणि ते कसे चालवले गेले यावरही बरेच अवलंबून होते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा समितीने काळ्या निशाणांनिशी प्रचंड निदर्शने केली. वाईपासून पसरणीच्या घाटापर्यंत माणसे रस्त्याच्या कडेला उभी होती. दोन वर्षांपूर्वीच्या सरकारने अशा वेळी काय केले असते याची कल्पना करायलाही नको, कारण ते मुंबईने पाहिले होते. यशवंतरावांच्या सरकारने निदर्शने मोडून काढण्याचा मार्ग धरला नाही, समितीच्या नेत्यांनी शिस्त राखली आणि एकही गोळी न झाडता तो दिवस पार पडला. पंतप्रधानांना मराठी जनतेचा रोष डोळ्यांनी दिसला आणि तो शांततेत दिसला, या दोन्हींचे महत्त्व सारखेच आहे. मला तर प्रतापगड हा यशवंतरावांच्या कारकिर्दीतील सर्वांत कसोटीचा दिवस वाटतो, आणि समितीच्याही.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण संदेश लिहिणाऱ्यांच्या ती गावीही नसते. यशवंतरावांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात भाषिक राज्याच्या आंदोलनावर गोळीबार झाला होता, पण तो अहमदाबादेत, ऑगस्ट १९५८ मध्ये. महागुजरात आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारक सरकारने हटवल्यानंतर तेथे दंगल उसळली आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालील ते आंदोलन गुजराती भाषकांच्या राज्यासाठी होते. मुख्यमंत्री म्हणून त्या गोळीबाराचे उत्तरदायित्व यशवंतरावांकडेच जाते. जे त्यांच्या काळात घडले त्याविषयी मराठीत अवाक्षर नाही आणि जे घडले नाही त्याबद्दल दरवर्षी आरोपपत्र निघते, ही गोष्ट मला फार खटकते.

त्यानंतर इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्षा असताना, १९५९ मध्ये, द्विभाषिकाच्या फेरविचाराला गती आली. राज्य चालवणारा मुख्यमंत्रीच जेव्हा हे राज्य टिकणार नाही असे सांगतो, तेव्हा त्याचे वजन विरोधकांच्या मोर्चापेक्षा वेगळे असते. नेहरू आणि गोविंद वल्लभ पंत यांच्यापर्यंत ते म्हणणे पोहोचवण्याचे काम यशवंतरावांनी केले. एप्रिल १९६० मध्ये मुंबई पुनर्रचना कायदा झाला आणि १ मे रोजी मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला. समितीशिवाय दिल्ली हलली नसती. दिल्ली हलल्यानंतर मुंबई न गमावता वाटाघाट पुरी करण्यासाठी काँग्रेसच्या आतला माणूसही लागणारच होता.

चौथा आरोप सीमेचा आहे आणि त्यात बेळगाव, डांग व उंबरगाव एका दमात घेतले जातात. हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, राज्य पुनर्रचना कायद्याने म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे यशवंतरावांनी शपथ घेतली त्याच दिवशी. त्या कायद्याला संसदेची मंजुरी आधीच, ऑगस्टमध्ये, मिळालेली होती. जे हातात आलेच नाही ते सोडून देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. उलट १९५७ मध्ये त्यांच्याच सरकारने सीमाभागाच्या फेररचनेसाठी केंद्राकडे निवेदन दिले आणि १९६० मध्ये दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींची चार जणांची समिती नेमली गेली. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता या निकषांवर महाराष्ट्राची मागणी तेव्हापासून उभी आहे.

बेळगावच्या बाबतीत त्यांना जाब विचारायचाच असेल तर तो पुढच्या काळासाठी विचारावा. सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला गेला, त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला, बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे असे त्यात म्हटले गेले आणि महाराष्ट्राने तो फेटाळला. नोव्हेंबर १९६६ पासून जून १९७० पर्यंत देशाचे गृहमंत्री यशवंतरावच होते. एवढे वजनदार खाते मराठी माणसाच्या हाती असूनही सीमाभागातील लोकांच्या पदरी काही पडले नाही. त्या लोकांची निराशा मी कोणत्याही युक्तिवादाने खोडू इच्छित नाही.

डांग आणि उंबरगावच्या बाबतीत मात्र आरोप खरा आहे. १९६० च्या विभाजनात डांग जिल्हा, उंबरगाव तालुक्यातील काही गावे आणि पश्चिम खानदेशातील काही गावे गुजरातला गेली आणि त्या वेळच्या वाटाघाटीत महाराष्ट्राच्या बाजूने यशवंतराव होते. गुजरातच्या नव्या राजधानीसाठी आणि सुरुवातीच्या वर्षांची तूट भरण्यासाठी महाराष्ट्राने पैसे देण्याचेही ठरले. संयुक्त महाराष्ट्र समितीने या दोन्हींना विरोध केला होता. मुंबई निर्वेधपणे मिळावी म्हणून ही किंमत मोजली गेली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मुंबईवरचा दावा त्या काळात किती दोलायमान होता हे पाहता मला ते स्पष्टीकरण पटते. ज्यांची गावे गेली त्यांना ते पटावे अशी अपेक्षा मी करणार नाही.

राहिला बक्षिसाचा आरोप. यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते राज्यस्थापनेनंतर अडीच वर्षांनी, चीनच्या आक्रमणात. कृष्ण मेनन यांनी ७ नोव्हेंबर १९६२ रोजी राजीनामा दिला होता, ईशान्य सीमेवर भारतीय फौजा माघार घेत होत्या आणि ते खाते त्या क्षणी देशातील सर्वांत अवघड खाते होते. १८ नोव्हेंबरला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, २० नोव्हेंबरला मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले आणि २१ नोव्हेंबरला यशवंतरावांनी संरक्षण खाते हाती घेतले. त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. त्यामुळे सह्याद्री धावून गेला आणि चीन मागे हटला, ही त्यांच्या चाहत्यांची कथाही खरी नाही. त्यांनी खरे काम केले ते पराभूत सैन्याच्या पुनर्बांधणीचे आणि त्याची परीक्षा १९६५ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात झाली.

मागे त्यांनी जे राज्य ठेवले, त्यात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या काम करू लागल्या होत्या आणि ऑगस्टमध्ये औद्योगिक विकास महामंडळ सुरू झाले होते. संसदेत जाण्यासाठी १९६३ मध्ये त्यांनी नाशिकची पोटनिवडणूक लढवायचे ठरवले. सहा वर्षांपूर्वी कराडमध्ये ज्यांनी त्यांना पराभवाच्या काठावर नेले होते, त्या समितीतील पक्षांनीही तेथे त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभा केला नाही, आणि ते बिनविरोध निवडून आले.